उसनं रवंथ

कोंडाबाईनं गोठ्याचं दार ढकललं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. हातातलं गाठोडं खाली ठेवायच्या आधीच तिला वास आला. शेणाचा, गवताचा, दुधाचा वास तिच्या नाकाला आता जाणवतही नसे. हा वास आंबट होता, दोन दिवस विसरून राहिलेल्या पिठासारखा.

हरणी उभी होती, पण मान खाली होती आणि कान लोंबले होते. एरवी कोंडाबाईची चाहूल लागली की ती हुंकार द्यायची. आज तिनं नुसतं बघितलं आणि डोळे मिटले. तिच्या मागे राखाडी, पाण्यासारखं शेण पसरलं होतं. कोंडाबाई वाकली. शेणात भाताची शितं होती.

तिनं गाईच्या डाव्या कुशीत मूठ रोवली आणि श्वास धरून थांबली. चांगल्या जनावराचं पोट अशा वेळी मुठीला आतून ढकलतं, दोन मिनिटांत तीनदा तरी. कोंडाबाई पुष्कळ वेळ थांबली. मुठीखाली काही हललं नाही. दाबलं की आत नुसतं पाणी डुचमळत होतं.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत, रूपचंद शेठांच्या किराणा दुकानामागे हा गोठा. कोंडाबाई तिथे बावीस वर्षं होती. तिचं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, डिंभे धरणाच्याही वरच्या डोंगरात, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या गावातलं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा बाप गेणभाऊच्या दावणीची एक गाय हाती धरून ती जुन्नरला उतरली होती. शेठांनी गोठ्याची जागा दिली. गोठा त्यांचा, गाय हिची, दूध दोघांचं, असं तोंडी ठरलं आणि ते आजवर कोणी मोडलं नाही. हरणी ही त्या पहिल्या गाईची नात. पुढे गेणभाऊ वारला, डोंगरातली दावण मोडली. त्या वंशाची हरणी आणि तिची अठरा दिवसांची कालवड, एवढी दोनच जनावरं आता उरली होती.

शेठांची सून नीलम चहाचा कप घेऊन गोठ्यात आली आणि कोंडाबाईचा चेहरा बघून दारातच थबकली.

आदल्या दिवशी वसुबारस होती. त्या संध्याकाळी बायका वासरासह गाईची पूजा करतात आणि तिला गोडाधोडाचं पान वाढतात. पूर्वी गल्लीत सात-आठ गाई होत्या, त्यामुळे पानं वाटली जायची. आता वासरू असलेली गाय एक हरणीच. म्हणून दर वर्षी कोंडाबाई स्वतः हरणीच्या तोंडाशी टोपली घेऊन बसायची. पान पुढे आलं की गाईला एक घास घेऊ द्यायचा आणि बाकीचं पान टोपलीत ओढायचं, असा तिचा नियम होता. त्यावरून बायका तिला टोमणेही मारायच्या, की गाय खाते का ही खाते. यंदा मात्र ती भावाकडे भातकापणीला गेली होती. शेवटचं खाचर राहिलं म्हणून भावानं तिला ठेवून घेतलं. तिनं फोन करून नीलमला सांगितलं होतं, पूजा होऊ द्या, पण तुम्ही हरणीपाशी बसा.

नीलम बसली होती. लग्नानंतरच्या दिवाळ्या तिच्या माहेरी गेल्या होत्या, ही पूजा ती पहिल्यांदाच पाहत होती. फक्त टोपलीचं सांगायचं कोंडाबाईच्या मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं जी गोष्ट आपण करतो ती दुसऱ्याला ठाऊक असणारच, असं तिनं धरून चाललं होतं.

“किती जणी आल्या व्हत्या?” कोंडाबाईनं विचारलं.

“पस्तीस तरी.”

“अन् पानं किती माघारी गेली?”

नीलमनं कप खाली ठेवला. “एकही नाही, मावशी. ती इतकी आवडीनं खात होती. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, खाऊ दे.”

पुरणपोळ्या, भात, उडदाचे वडे, गूळ. कोंडाबाईनं मनातल्या मनात घमेली मोजली आणि भिंतीला हात टेकला. पण ती एकच वाक्य बोलली. “संपतला फोन लावा, वैनी. लगीच.”

संपत हा डॉक्टरांच्या हाताखाली शिकून तयार झालेला माणूस. पंचक्रोशीतल्या गोठ्यांतून सुया-औषधं करायचा. तो सव्वाआठला आला. डॉक्टर दिवाळीसाठी आपल्या गावी गेले होते, दोनशे किलोमीटर लांब. त्यांना फोन लावून, ते सांगतील तसं संपतनं सुरू केलं. मानेच्या शिरेतून सलाईन, आणि कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून बाटलीनं घशात. नीलमनं बाटल्या भरल्या, कोंडाबाईनं हरणीचं तोंड वर धरलं. अकरा वाजेपर्यंत हे चाललं होतं. मग राजुरीहून संपतला फोन आला. तिथे एका गाईचं वासरू आडवं आलं होतं. जाताना त्यानं हरणीचे डोळे पाहिले, खोल गेले होते. तो नीलमला बाजूला घेऊन म्हणाला, माझं औषध झालं, आता पुढचं डॉक्टरांशी तुम्हीच बोला.

नीलमनं फोनचा स्पीकर चालू केला. डॉक्टर सावकाश बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, गाय गवत पचवते असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची मोठी वस्ती असते, ती पचवते. गाय त्यांना ऊब देते, ओल देते, चारा चावून बारीक करून देते, हवेपासून सांभाळते. त्या बदल्यात ते गवताचं अन्न करून तिला देतात. काल एकदम भात आणि पुरण पडल्यावर त्यातले आंबवणारे तेवढे माजले आणि त्यांच्या आंबटानं बाकी सगळी वस्ती मेली. सोड्यानं आंबटपणा गेला असेल, पण घर आता रिकामं आहे.

“मग?” नीलम म्हणाली.

“मग दुसऱ्या निरोगी जनावराच्या पोटातलं पाणी आणून हिच्या पोटात घालायचं. ते काढायची नळी आणि पंप माझ्या दवाखान्यात आहे आणि किल्ली माझ्या खिशात. दुसरीही एक जागा असते जिथे ते मिळतं, पण ती तुमच्या घरात बोलण्यासारखी नाही.” मग ते म्हणाले, “आजचा दिवस हातात आहे. खाली बसली तर उठवणं अवघड जाईल.”

शेठांच्या पत्नी उगमबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जैन घर, पाण्यातला जीवही पोटात जाऊ नये म्हणून त्यांच्याकडे बाराही महिने पाणी उकळून प्यायचं. त्यांनी नीलमला विचारलं, पोटातले जीव मेले म्हणतात ते किती असतील. नीलम म्हणाली, मोजता येणार नाहीत इतके. उगमबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

कोंडाबाई फोनजवळ आली. “डाक्टर, रवंथ चालंल का?”

“चालेल,” डॉक्टर म्हणाले. “जुने लोक करत. थोडं असलं तरी चालेल, पण जिवंत असलं पाहिजे. काढणार कोण?”

“मी काढंल.”

तिच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून वाकडी होती. बारा वर्षांची असताना ती बापाशेजारी बसून बैलाच्या तोंडातून रवंथाचा गोळा काढायला शिकली, तेव्हाची ही खूण. गेणभाऊ डोंगरातल्या चार वाड्यांमध्ये त्यासाठी ओळखला जाई. जनावर कधी एकटं नसतं, असं तो म्हणायचा. वरून गोचीड चिकटते, आत जंत बसतो, आणि पोटात ही राबणारी वस्ती. सगळी त्याच्याच जिवावर जगतात. गोचीड वेचून काढ, जंताला कडू पाज, पण पोटातल्या बिऱ्हाडाला धक्का लावू नको, कारण त्यांचं पोट भरलं तरच जनावराचं भरतं. कोंडाबाई बावीस वर्षं रोज सकाळी आपल्या गाईच्या कानामागच्या गोचिडी वेचत आली होती, ते त्याच शिकवणीनं.

आता जनावर शोधायचं होतं. वेशीपाशी एकाची जर्सी गाय होती, पण तिला कासेच्या दुखण्यासाठी चार दिवस औषधाच्या सुया चालू होत्या. डॉक्टर म्हणाले, नको, त्या औषधानं तिच्याच पोटातली वस्ती अर्धी झाली असेल. मग कोंडाबाईला लेण्याद्रीच्या पायथ्याचा रामदास आठवला. त्याच्याकडे शर्यतीचा खोंड होता आणि कामाची जुनी बैलजोडीही.

निघताना नीलमनं मोठा थर्मास घेतला. पावणेबारा वाजता दोघी स्कूटीवर बसल्या.

रामदासनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी मान हलवली. शर्यतीच्या खोंडाला तर हात लावू देणार नाही, म्हणाला. कोंडाबाई म्हणाली, तुझा खोंड मला फुकट दिला तरी नको, त्याच्या पोटातही अंडी आणि कणीकच असणार. मला कडबा खाणारं जनावर पाहिजे. रामदासला हसू आलं. त्यानं मागच्या चिंचेखाली बसलेला चांद्या दाखवला. चौदा वर्षांचा कामाचा बैल, कडबा आणि बांधावरचं गवत एवढ्यावर वाढलेला. डोळे अर्धे मिटून तो रवंथ करत होता.

“चावला तर मला बोलायचं न्हाई, मावशे,” रामदास म्हणाला.

“आजवर कुणाला बोलले का?” म्हणत कोंडाबाईनं हातातल्या बांगड्या काढून नीलमकडे दिल्या.

बैलाला वरचे पुढचे दात नसतात. धोका असतो तो आतल्या दाढांचा. त्या जात्याच्या पाळीसारख्या फिरतात. पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये चार बोटांची मोकळी जागा असते, हात तिथूनच घालायचा. चांद्यानं चावलेला घास गिळला. त्याचं पोट एकदा आत ओढलं गेलं आणि मानेखालून एक गोळा वर सरकताना दिसला. तो जबड्याशी पोचताच कोंडाबाईनं डाव्या हातानं जीभ धरून बाजूला ओढली आणि उजवा हात आत घालून गोळा काढला. हिरवा, ऊन, फेसाळ, मूठभर. बैलानं चमकून मान उडवली आणि रवंथ थांबवलं.

मग वाट बघायची. पाच मिनिटं, कधी दहा. चांद्या पुन्हा विसरायचा, पुन्हा गोळा वर यायचा. तासाभरात आठ गोळे निघाले. प्रत्येक गोळा नीलम थर्मासात टाकत होती. आत तिनं घरून आणलेलं पाणी होतं.

दीड वाजता त्यांनी ते सगळं फडक्यातून पिळून हरणीच्या घशात घातलं. हरणीनं गिळलं. मग वाट बघणं सुरू झालं.

कोंडाबाई दर पंधरा मिनिटांनी कुशीत मूठ रोवत होती. दोन वाजता काही नाही. अडीचला काही नाही. पलीकडे बांधलेली कालवड भुकेनं हंबरत होती. उगमबाईंनी चहासाठी राखलेलं दूध बाटलीत भरून तिला पाजलं, तरी ती आईकडे तोंड करून हंबरतच राहिली. तीनला दहा मिनिटं कमी असताना हरणीचे मागचे पाय थरथरले. तिनं सावरायचा प्रयत्न केला, मग पुढचे गुडघे टेकले आणि ती खाली बसली. मान तिनं कुशीकडे वळवून टाकली.

नीलमनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी रंग विचारला, वास विचारला, किती वेळ लागला ते विचारलं. शेवटी विचारलं, आणलं कशात. थर्मासात, ती म्हणाली. आत पाणी घातलं होतं का? हो. कसलं?

नीलमची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. निघायच्या घाईत तिनं घरातल्या पिण्याच्या पाण्याचं पातेलं नुकतंच गॅसवरून उतरलेलं पाहिलं होतं. शुद्ध पाणी, आणि गरम. रवंथ गार होणार नाही. तिनं अर्धा थर्मास त्या उकळत्या पाण्यानं भरला होता. या घरात आल्यापासून दोन वर्षं ती रोज हे पाणी उकळत होती, आणि कशासाठी उकळतात तेही तिला माहीत होतं.

तिनं फोन ठेवला. कोंडाबाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. उगमबाई कालवडीपाशी होत्या. नीलमला एक क्षण वाटलं की गप्प बसावं. म्हातारा बैल, थोडं रवंथ, उशीर झाला, कारणं पुष्कळ होती. सकाळी एकदा तिनं कोंडाबाईला भिंतीला हात टेकताना पाहिलं होतं. आता परत तेच बघायचं होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “ते मी मारलं. उकळतं पाणी होतं थर्मासात. मम्मीजींचं पिण्याचं.”

उगमबाईंच्या हातातली बाटली तिरकी झाली आणि दूध सांडत राहिलं.

कोंडाबाईच्या मनात पुष्कळ काही आलं. कालचं आलं, पस्तीस पानं आली, बापाची रिकामी दावण आली. जिभेवर एक शब्दही आला होता. पण त्याच क्षणी मांडीवरच्या हरणीनं ऊन श्वास सोडला, आणि तिच्या लक्षात आलं की पोरीनं हे आत्ता सांगितलं म्हणून अजून तीन तास हातात आहेत. न सांगती तर आपण इथेच बसून मूठ रोवत राहिलो असतो.

तिनं गाईचं डोकं हलकेच खाली ठेवलं आणि पदर खोचला. “टोपलीचं मी न्हाई सांगितलं, पाण्याचं तुमी न्हाई इचारलं. फिटलं. गाडी काढा.”

उगमबाई आत गेल्या आणि झाकणाची स्टीलची बरणी घेऊन आल्या. विहिरीच्या पाण्यानं त्यांनी ती स्वतः विसळली होती. त्या घरात न उकळलेलं पाणी एखाद्या भांड्याला त्यांनी मुद्दाम लावण्याची ही पहिलीच वेळ असावी.

साडेतीनला दोघी पुन्हा चिंचेखाली होत्या. पण या वेळी चांद्याला सगळं आठवत होतं. कोंडाबाई शेजारी बसली की तो तोंड मिटून घ्यायचा. गोळा मानेतून वर आलेला दिसायचा, आणि हात हलताच तो तसाच गिळून टाकायचा. चारला दहा मिनिटं कमी, चार, सव्वाचार. नीलमच्या हातातली बरणी अजून रिकामी होती. रामदास म्हणाला, मुसकी धरून जबरदस्तीनं करू का. कोंडाबाई म्हणाली, घाबरलं जनावर रवंथ करत नसतं. तू लांब जा आणि मला शिव्याबिव्या देत बस, म्हणजे त्याला रोजच्यासारखं वाटंल. रामदास खरंच गोठ्यात जाऊन खोंडाशी मोठ्यानं बोलू लागला.

कोंडाबाईनं बैलाच्या मानेला खाजवायला सुरुवात केली. कानामागे बोटं घातली. तिथे एक टपोरी गोचीड लागली, तिनं ती उपटली. मग दुसरी. चांद्यानं मान लांब केली. तिसऱ्या गोचिडीला त्याचे डोळे मिटले आणि जबडा पुन्हा फिरू लागला. पुढचा गोळा वर आला तेव्हा तिचा हात आधीच त्याच्या गालाशी होता.

पहिला निघाला. दुसरा, तिसरा. चौथ्याला बैलानं अवचित जबडा वळवला आणि तिची दोन बोटं दाढांखाली आली. नीलमला तिच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या दिसल्या. पण आवाज निघाला नाही. ओरडलं असतं तर बैल उठला असता. जबडा पुढच्या फेऱ्याला उघडला तसा हात बाहेर आला, रक्तानं माखलेला, आणि मुठीत गोळा होता.

“मावशी, पुरे.”

“नरड्यापातुर भरू द्या बरणी. वर हवा राहता कामा न्हाई.”

पुढचे गोळे तिनं डाव्या हातानं काढले, नीलमनं जीभ धरली. पहिल्यांदा ती जीभ तिच्या हातातून निसटली, दुसऱ्यांदा नाही. नऊ गोळे झाले. रामदासनं हौदातलं, उन्हानं कोमटलेलं पाणी वरपर्यंत ओतलं, झाकण लावलं. कोंडाबाईनं बरणी लुगड्याच्या पदरात गुंडाळून पोटाशी धरली. जखमी बोटांना नीलमची ओढणी बांधली होती.

परत येताना पुलापासूनच गर्दी लागली. धनत्रयोदशीचा बाजार, झेंडूचे ढीग, पणत्या, लाह्या-बत्तासे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना लावलेल्या मोटारसायकली. बाजारपेठेच्या तोंडाशी स्कूटी अडकली ती पुढेही जाईना आणि मागेही. पावणेसहा वाजले होते. पदराआडच्या बरणीची ऊब कोंडाबाईला पोटावर कळत होती, आणि ती आता मघाइतकी नव्हती. नीलमनं गाडी एका बांगड्यांच्या दुकानासमोर तशीच सोडली, किल्ली दुकानदाराच्या हातात टाकली आणि पुढे होऊन वाट काढू लागली. ओटीपाशी दोन्ही हात धरून चालणाऱ्या म्हातारीला पाहून लोक आपोआप बाजूला होत होते.

गल्लीत बायका दारांत दिवे लावत होत्या. काल पान घेऊन आलेल्याच त्या. आतापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. त्यांनी दिवे बाजूला घेऊन वाट दिली.

उगमबाईंनी बरणीवर तळहात ठेवून पाहिला, तान्ह्या बाळाचं दूध पाहावं तसा. “कोमट आहे,” त्या म्हणाल्या. हरणीला मान उचलता येत नव्हती. नीलमनं तिचं डोकं खांद्यावर घेतलं, उगमबाईंनी फडकं धरलं, आणि कोंडाबाईनं डाव्या हातानं बाटली तिच्या गालात तिरकी करून हळूहळू सगळं पाजलं. गाईच्या तोंडात दुसऱ्याचं उष्टं घालायचं म्हणून सकाळी कोणी नाक मुरडलं असतं तर मुरडलं असतं. आता सांडलेले चार थेंबही उगमबाईंनी बोटानं निपटून बाटलीत घातले.

सात वाजले. दुकानात शेठांची पूजा झाली, प्रसाद गोठ्यात आला आणि तसाच पडून राहिला. कोंडाबाई गाईला टेकून बसली होती, डावी मूठ कुशीत. तिनं नीलमला मुठीशेजारी कान लावायला सांगितला होता.

“काही ऐकू येत नाही, मावशी.”

“बोलू नका.”

बाहेर फटाका वाजला. पुन्हा शांत झालं. आणि मग कोंडाबाईच्या मुठीखाली काहीतरी आलं. इतकं हळू, की आपलीच नाडी असेल असं तिला वाटलं. तिनं मूठ हलवली नाही. बराच वेळ गेला, आणि परत आलं. या वेळी मूठ केसभर वर उचलली गेली. त्याच वेळी नीलमनं कान न काढता हात वर केला. आत कुठेतरी दूर जातं फिरावं तशी घरघर झाली होती. हरणीनं तोंड उघडून लांबलचक ढेकर दिली. वास अजून वाईटच होता, पण मघासारखा आंबट नव्हता.

कोंडाबाईनं कडब्याची एक पेंडी सोडली आणि दोन काड्या हरणीच्या तोंडापुढे टाकल्या. हरणीनं त्या हुंगल्या, खाल्ल्या नाहीत. पण हुंगल्या.

सकाळी सहाला नीलम धावत गोठ्यात आली तेव्हा हरणी उभी होती. पाय फाकवून, अशक्त, पण उभी. काड्या संपल्या होत्या. कोंडाबाई भिंतीला टेकून तिच्या मानेकडे बघत होती. मानेखालून एक गोळा वर सरकला आणि जबडा फिरू लागला.

“मोजा,” कोंडाबाई म्हणाली.

नीलमनं मोजलं. एकोणीसला हरणीनं घास गिळला.

“बापाच्या बैलाचं पन्नास व्हायचं,” कोंडाबाई म्हणाली. पुढचा घास सव्वीसवर गेला. त्याच्या पुढच्याला नीलम आकडे विसरली, कारण कालवडीचं दावं सोडलेलं होतं आणि ती आईच्या कासेला ढुशा देत होती. दूध थोडंच होतं, पण होतं.

कोंडाबाईच्या एका बोटाचं नख गेलं आणि दुसरं बोट वाकडंच बसलं. दिवाळीचे सगळे दिवस धार नीलमनं काढली. आधी निम्मी जमिनीवर, मग बादलीत. भाऊबीजेला कोंडाबाईचा भाऊ आला तो तिच्या सांगण्यावरून डोंगरातल्या गवताचा भारा घेऊन. तो स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी बांधून दोघी लेण्याद्रीला निघाल्या. निघताना नीलमनं डब्यात पुरणपोळ्या भरल्या.

चांद्यानं कोंडाबाईला ओळखलं आणि तोंड घट्ट मिटलं. रामदास हसू लागला. “आलात का उसनं फेडायला?”

कोंडाबाईनं भारा सोडून बैलापुढे टाकला. नीलमनं डबा उघडला, पोळी हातात घेतली आणि बैलाकडे एक पाऊल टाकलं. कोंडाबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चांद्याच्या कानामागे बोटं घालून गोचिडी शोधत होती.

नीलम थांबली. मग वळून तिनं डबाच रामदासच्या हातात दिला.

“ह्या तुमच्यासाठी आहेत, भाऊ. बैलाला एक घाससुद्धा द्यायचा नाही.”